वैमानिकाची परीक्षा दर सहा महिन्यांनी

मुलाला किंवा मुलीला पायलट करावे, अशी इच्छा बाळगणारे पालक आता लहान गावांतूनही भेटू लागले आहेत. त्यांच्याशी बोलताना दोन प्रश्न हमखास येतात. एक, खर्च किती येतो? दोन, नोकरी लागल्यावर पगार किती मिळतो? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. घर गहाण ठेवून किंवा बँकेचे कर्ज काढून जो पैसा घालायचा, त्याचा हिशेब आधी मांडलाच पाहिजे. परंतु तिसरा एक प्रश्न आहे आणि तो आम्हाला सहसा कोणी विचारत नाही. तो असा, की या धंद्यात अभ्यास किती वर्षे करावा लागतो?

याचे उत्तर अगदी थोडक्यात देता येते. निवृत्त होईपर्यंत.

डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांची पदवी एकदा हाती आली, की ती चौकटीत बसवून भिंतीवर लावता येते. पुढे ज्ञान ताजे ठेवायचे की नाही, हे बहुतांशी ज्याच्या त्याच्या इमानदारीवर राहते. विमान कंपनीच्या वैमानिकाचे तसे नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेला, केस पिकलेला कॅप्टनसुद्धा ठरलेल्या मुदतीत परीक्षकासमोर बसतो आणि आपले काम आपल्याला अजून येते, हे नव्याने सिद्ध करतो. नापास झाला तर दुसऱ्या दिवशी त्याला प्रवासी घेऊन उडता येत नाही. दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात रोजी अशी वारंवार पणाला लागत असेल, असे आम्हाला वाटत नाही. म्हणून या उजळणी प्रशिक्षणाची आणि त्यासाठी लागणाऱ्या अभ्यासाची माहिती आज आमच्या वाचकांपुढे ठेवत आहोत. ज्यांना मुलांना या मार्गावर पाठवायचे आहे त्यांच्यासाठी ती आहेच, पण विमानाने प्रवास करणाऱ्या प्रत्येकासाठीही आहे.

कायदा काय सांगतो

१९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना उभी राहिली. भारत तिचा सदस्य आहे. या कराराला जी परिशिष्टे आहेत, त्यांपैकी सहाव्या परिशिष्टात विमान चालवण्याचे नियम दिलेले आहेत. त्यात असे म्हटले आहे, की विमान कंपनीने आपल्या प्रत्येक वैमानिकाचे उड्डाणकौशल्य आणि आणीबाणीत वागण्याची तयारी वर्षातून दोनदा तपासली पाहिजे. कंपन्यांनी यात पळवाट काढू नये याचीही काळजी घेतलेली आहे. सारख्याच स्वरूपाच्या दोन तपासण्या चार महिन्यांच्या आत उरकून घेतल्या, तर तेवढ्याने नियम पाळला असे धरले जात नाही. म्हणजे डिसेंबरात एक आणि जानेवारीत दुसरी घेऊन वर्षभर मोकळे राहता येत नाही.

आपल्याकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याच धर्तीवर नियम करते. वैमानिकाला दर सहा महिन्यांनी प्रवीणता तपासणी द्यावी लागते. बाहेरचे काही दिसत नसताना केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवता येते की नाही, हेही नियमाने तपासले जाते. अमेरिकेतील रूढ पद्धतीत कॅप्टनची पूर्ण तपासणी वर्षातून एकदा होते आणि मधल्या सहा महिन्यांच्या टप्प्यावर दुसरी तपासणी किंवा सिम्युलेटरमधील प्रशिक्षण होते. १९९० पासून तेथे सरकारी मंजुरी घेऊन वेगळ्या रचनेचा प्रशिक्षण कार्यक्रम आखण्याची मुभाही कंपन्यांना मिळाली. देशोदेशी तपशील थोडे बदलतात, मूळ तत्त्व मात्र एकच आहे.

याशिवाय इतर अटी आहेतच. गेल्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे केलेली नसतील, तर प्रवासी घेऊन जाण्यापूर्वी ती भरून काढावी लागतात. ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय तपासणी होते. प्रत्यक्ष प्रवासी उड्डाणातही परीक्षक मागच्या खुर्चीवर बसून काम पाहतो. धोकादायक मालाची वाहतूक, प्रवाशांना तातडीने बाहेर काढणे, आग विझवणे, पाण्यावर उतरावे लागले तर काय करायचे, या सगळ्यांची उजळणी ठरावीक काळाने होते. इंग्रजी संभाषणाचीसुद्धा परीक्षा असते. त्यात चौथी श्रेणी मिळाली तर तीन वर्षांनी आणि पाचवी मिळाली तर सहा वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. सहावी श्रेणी मिळवणाराच त्यातून कायमचा सुटतो.

सिम्युलेटरची खोली

ही तपासणी खऱ्या विमानात क्वचितच होते. त्यासाठी सिम्युलेटर असतो. बाहेरून पाहिले तर पायांवर उभी असलेली एक मोठी पेटी, आत मात्र हुबेहूब विमानाची कॉकपिट. तीच बटणे, तेच दांडे, समोरच्या काचेत धावपट्टी, ढग, पाऊस. पेटी हलते, कलते, धक्के देते. असे एक यंत्र घ्यायला कोट्यवधी रुपये लागतात.

या यंत्राचा पूर्वज मोठा साधा होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाने ते बनवले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन वाद्ये तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनच्या भात्यांचाच उपयोग करून त्याने हलणारे, कलणारे एक खोटे विमान तयार केले. सुरुवातीला लोकांनी ते जत्रेतले खेळणे समजून सोडून दिले. १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले आणि खराब हवेत लष्कराचे अनेक वैमानिक मारले गेले. तेव्हा कुठे लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. जीव गेल्यावर प्रशिक्षणाची किंमत कळणे, हा प्रकार या धंद्यात पुढेही पुन्हा पुन्हा घडला.

आजच्या तपासणीत साधारणतः असे होते. कॅप्टन आणि सहवैमानिक वेळेच्या आधी येतात. परीक्षक त्यांना तोंडी प्रश्न विचारतो. मग सुमारे चार तास सिम्युलेटरमध्ये जातात आणि शेवटी काय चुकले, काय बरोबर आले यावर चर्चा होते. आत काय घडते? विमान धावपट्टीवर पूर्ण वेगात असते. एक वेग असा ठरवलेला असतो, की तो ओलांडल्यावर थांबणे शक्य नसते, उडालेच पाहिजे. त्याला व्ही-वन म्हणतात. नेमक्या त्याच क्षणी परीक्षक एक इंजिन बंद पाडतो. विमान एका बाजूला ओढू लागते. पायाने सुकाणू दाबून ते सरळ ठेवायचे, एका इंजिनावर वर चढायचे, मग शांतपणे चेकलिस्ट वाचायची आणि परत येऊन उतरायचे. कधी इंजिनाला आग लागते. कधी केबिनमधील हवेचा दाब जातो आणि हजारो फूट खाली यावे लागते. कधी उतरताना वाऱ्याची दिशा अचानक बदलते. कधी शेजारचा वैमानिकच बेशुद्ध पडल्याचे सोंग करतो.

यातले काही जमले नाही, तर बहुधा दुसरी संधी मिळते. तरीही जमले नाही तर वैमानिकाला उड्डाणावरून काढून जादा प्रशिक्षण देतात आणि पुन्हा परीक्षा घेतात. वारंवार नापास होणाऱ्याची नोकरी टिकत नाही.

घरचा अभ्यास

अनेकांचा असा समज असतो, की कंपनी सिम्युलेटरमध्ये नेते म्हणजे तेथे शिकवते. हा समज अर्धाच खरा आहे. सिम्युलेटरचा प्रत्येक तास महाग असतो आणि त्या यंत्रासाठी मागे दुसरी जोडी ताटकळत उभी असते. जे पुस्तकात आहे ते शिकवण्यात तो तास घालवणे कोणालाच परवडत नाही. अपेक्षा अशी असते, की पुस्तकातले सगळे घरून पाठ करून यायचे आणि हाताने करायचे तेवढे येथे करायचे. अभ्यास न करता आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो आणि त्याच्यामुळे शेजारच्या जोडीदाराचाही दिवस वाया जातो.

घरी काय वाचायचे? पहिली गोष्ट म्हणजे तोंडपाठ करण्याच्या कृती. काही प्रसंग असे असतात, की पुस्तक उघडायला वेळच नसतो. त्या वेळी करायच्या चार-पाच कृती क्रमाने आणि शब्दशः पाठ असाव्या लागतात. दुसरी गोष्ट विमानाच्या मर्यादांची. किती वेगाच्या पुढे चाके बाहेर काढायची नाहीत, आडवा वारा किती असेल तर उतरायचे नाही, इंजिनाचे तापमान किती चढू द्यायचे, हे आकडे डोक्यात हवेत. तिसरी गोष्ट विमानातील निरनिराळ्या यंत्रणांची. वीज कोठून येते, एक जनित्र बंद पडले तर काय चालू राहते, तेलाच्या दाबावर कोणकोणते भाग हलतात. चौथी गोष्ट कंपनीच्या कार्यपद्धतीची. कोणी काय बोलायचे, कोणी काय उत्तर द्यायचे, हेसुद्धा तेथे लिहिलेले असते. या सगळ्या पुस्तकांत सतत बदल होतात. जुने पान गेले, नवे आले, हे पाहण्याची जबाबदारी वैमानिकाची.

आता कोणी म्हणेल, चेकलिस्ट हाताशी असते तर यंत्रणा समजून घेण्याची एवढी उठाठेव कशाला? याला १५ जानेवारी २००९ या दिवसाचे उत्तर आहे. त्या दिवशी न्यू यॉर्कहून निघालेल्या यूएस एअरवेजच्या एअरबस ए-३२० विमानावर पक्ष्यांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिनांचा जोर गेला. तेथपासून हडसन नदीत उतरेपर्यंत वैमानिकांना अवघे २०८ सेकंद मिळाले. दोन्ही इंजिने बंद पडल्यावर वाचायची चेकलिस्ट विमान खूप उंचावर असेल, हे धरून लिहिलेली होती. सहवैमानिक वेगाने वाचत गेला, तरी तिचा साधारण एक-तृतीयांश भागच पुरा झाला. परंतु कॅप्टनने विमानाच्या शेपटीतले छोटे इंजिन, जे वीज पुरवते, ते सुरुवातीलाच चालू केले होते. यादीत ही कृती बरीच पुढे होती. यादीची वाट पाहिली असती, तर पाळी येण्याआधी नदी आली असती. त्या छोट्या इंजिनामुळे वीज टिकली आणि विमानाची नियंत्रणे नीट चालत राहिली. सर्व १५५ माणसे वाचली. सहवैमानिकाने या जातीच्या विमानाचे प्रशिक्षण नुकतेच संपवलेले होते. वाचकांनी ध्यानात घ्यावे, की यादी पाठ असणे ही एक गोष्ट आहे आणि यादीत ती कृती का आहे हे ठाऊक असणे ही दुसरी. वेळ कमी पडतो तेव्हा दुसरीच कामाला येते.

अभ्यास केव्हा करायचा, यालाही महत्त्व आहे. परीक्षेच्या आधी आठ दिवस रात्री जागून घोकंपट्टी करणारे येथेही असतात. ते बहुधा पासही होतात. परंतु जर्मन शास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच झपाट्याने विसरले जाते. थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी मात्र टिकते. आग लागायची असेल तर ती परीक्षेच्या तारखेची वाट पाहत नाही. म्हणून जाणते शिक्षक सांगतात, की रोज थोडे वाचा, एका आठवड्यात एक यंत्रणा घ्या, वर्षभर चक्र चालू ठेवा. खुर्चीवर बसून, डोळे मिटून, हात हवेत फिरवत आणि तोंडाने पुटपुटत कृतींचा सराव करण्याची जुनी रीत आहे. तिला पैसा लागत नाही आणि ती उपयोगी पडते.

या घरच्या अभ्यासाचे काही कंपन्या थोडेफार पैसे देतात, काही देत नाहीत. महिन्याला ठरलेले उड्डाणाचे तास, रात्रीची जागरणे, घरापासून दूरचे मुक्काम आणि त्यात हा अभ्यास. पगाराचा मोठा आकडा ऐकणाऱ्याने हे तासही हिशेबात धरावेत.

पास झाला, पण तयार झाला का?

येथपर्यंत वाचून वाटेल, की इतक्या कडक व्यवस्थेत चुकीला जागाच नाही. दुर्दैवाने तसे नाही. परीक्षा कितीही कडक असली, तरी ती कशी येणार हे आधीच ठाऊक असेल, तर माणूस तेवढ्यापुरताच अभ्यास करतो.

अमेरिकेच्या नासा संस्थेतील स्टीफन कॅस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विमान कंपन्यांत काम करणाऱ्या वैमानिकांना बोइंग ७४७ च्या सिम्युलेटरमध्ये नेऊन त्यांना नेहमीच्या परीक्षेतले प्रसंग नेहमीच्या पद्धतीने दिले, तेव्हा ते त्यांनी सफाईने हाताळले. तेच प्रसंग अनपेक्षित वेळी, वेगळ्या रीतीने पुढे आणले, तेव्हा मात्र प्रतिसादाला उशीर झाला आणि प्रत्येकाचे वागणे निरनिराळे झाले. पुढच्या वर्षी याच शास्त्रज्ञांना असेही आढळले, की हाताने विमान चालवण्याचे कसब बरेचसे टिकून राहते, पण विचाराचे काम गंजते. नकाशाचा पडदा नसेल तर आपण कोठे आहोत, पुढे काय करायचे, कोणते उपकरण खोटे सांगत आहे, हे ओळखण्यात जास्त चुका झाल्या.

प्रत्यक्षात याची किंमत फार मोठी पडलेली आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन एअर कंपनीचे छोटे प्रवासी विमान एका घरावर कोसळले. ५० माणसे गेली. उतरण्याच्या तयारीत असताना विमानाचा वेग फार कमी झाला होता. अशा वेळी पंखांवरून हवा नीट वाहीनाशी होते आणि विमानाचा आधार सुटतो. याला स्टॉल म्हणतात. त्याचा इशारा म्हणून कॅप्टनच्या हातातला दांडा जोराने थरथरू लागला. अशा वेळी दांडा पुढे ढकलून नाक खाली करायचे असते. कॅप्टनने तो मागे ओढला. विमानातील यंत्रणेने दांडा आपोआप पुढे ढकलला, तरी तो ओढतच राहिला. चौकशीत असे दिसून आले, की हा कॅप्टन पूर्वी अनेक परीक्षांत नापास झालेला होता आणि त्यांपैकी काही त्याने कंपनीला सांगितलेल्याच नव्हत्या. दांडा पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेविषयी कंपनीने वर्गात शिकवले होते, सिम्युलेटरमध्ये ती दाखवली नव्हती. शिवाय त्या काळच्या परीक्षेत स्टॉलमधून सावरताना उंची कमीत कमी गमवावी, यावर भर असे. आधी नाक खाली, उंचीची चिंता नंतर, हा भर पुढे आला. अमेरिकेच्या सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये नियम बदलून पूर्ण स्टॉलमधून सावरण्याचा सराव सिम्युलेटरमध्ये बंधनकारक केला आणि कंपन्यांना त्यासाठी मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली.

त्याच वर्षी, १ जून २००९ रोजी, रिओहून पॅरिसला जाणारे एअर फ्रान्सचे एअरबस ए-३३० अटलांटिक महासागरात पडले. २२८ माणसे गेली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, आकडे चुकले आणि स्वयंचलित यंत्रणा बाजूला झाली. नळ्या एका मिनिटाच्या आत पुन्हा नीट चालू लागल्या होत्या. पण तोपर्यंत विमानाचे नाक वर खेचले गेले, स्टॉल झाला आणि सुमारे साडेचार मिनिटांत विमान समुद्रावर आदळले. इतक्या उंचीवर हाताने विमान चालवण्याचा सराव सहवैमानिकांना मिळालेला नव्हता, याकडे फ्रान्सच्या तपास संस्थेने २०१२ च्या अहवालात बोट ठेवले. दोघांचे लायसन्स वैध होते, ठरलेल्या तपासण्याही झालेल्या होत्या.

या अनुभवातून आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ साली प्रशिक्षणाची नवी पद्धत सांगणारी पुस्तिका काढली. ठरलेल्या यादीवर टिकमार्क करण्याऐवजी प्रत्यक्ष अपघात आणि उड्डाणांच्या नोंदींवरून धोके शोधावेत, त्यांवर आधारित अनपेक्षित प्रसंग द्यावेत आणि माणूस परिस्थिती ओळखतो कसा, निर्णय घेतो कसा, जोडीदाराशी बोलतो कसा, यावर गुण द्यावेत, असा तिचा सारांश आहे.

जोडीदाराशी बोलणे, हा अभ्यासाचा विषय कसा झाला, हेही सांगितले पाहिजे. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे युनायटेड कंपनीचे विमान चाकांच्या बिघाडात गुंतून घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून पडले. १० माणसे गेली. इंधन कमी होत आहे हे सहकाऱ्यांना दिसत होते, पण कॅप्टनच्या कानी घालताना ते पुरेसे ठाम राहिले नाहीत. १९७९ मध्ये नासाने या विषयावर परिषद घेतली आणि १९८१ पासून युनायटेडने कॅप्टनने ऐकावे कसे आणि कनिष्ठाने बोलावे कसे, याचे रीतसर शिक्षण सुरू केले. आज ते सर्व मोठ्या कंपन्यांत सक्तीचे आहे. तरीही ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात धावपट्टीच्या पुढे घसरले आणि २१ माणसे गेली. सहवैमानिकाने पुन्हा वर चला, असे सांगितले होते. विमान मात्र धावपट्टीच्या मध्याजवळ टेकले. कोकणातले हजारो लोक आखातात याच मार्गांनी ये-जा करतात. प्रशिक्षणाचा प्रश्न आपल्या घराशी किती जवळचा आहे, हे यावरून समजावे.

खर्चाची बाजू

हे पान व्यापाराचे आहे, म्हणून पैशाकडेही पाहू. प्रशिक्षण हा कंपनीच्या वहीत खर्चाच्या बाजूला पडतो. सिम्युलेटरमध्ये गेलेला वैमानिक त्या दिवशी कमाई करून देत नाही. साहजिकच हा खर्च कमी करण्याचा मोह होतो.

या मोहाचे सर्वांत मोठे उदाहरण बोइंग ७३७ मॅक्सचे आहे. जुने ७३७ चालवणाऱ्या वैमानिकांना नव्या विमानासाठी सिम्युलेटरमध्ये जावे लागणार नाही, संगणकावरचा छोटा पाठ पुरेल, हा विक्रीचा मोठा मुद्दा होता. साउथवेस्ट कंपनीशी झालेल्या करारात तर असे होते, की सिम्युलेटर लागलाच तर बोइंग प्रत्येक विमानामागे १० लाख डॉलर सूट देईल. विमानात मात्र नाक आपोआप खाली करणारी एक नवी यंत्रणा होती. वैमानिकांच्या पुस्तकात तिचे वर्णनच नव्हते. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात अशी दोन विमाने कोसळली, ३४६ माणसे गेली. त्यानंतर जगभरातील मॅक्स विमाने जमिनीवर बसली. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेने परवानगी दिली, ती यंत्रणेत दुरुस्ती आणि सिम्युलेटरमधील प्रशिक्षण सक्तीचे करून. जो खर्च वाचवायचा होता तो शेवटी करावा लागलाच, त्याच्या कितीतरी पट नुकसान सोसून.

आपल्याकडेही अशा गोष्टी उघड झाल्या आहेत. एप्रिल २०२२ मध्ये डीजीसीएने स्पाइसजेटच्या ९० वैमानिकांना पुन्हा नीट प्रशिक्षण होईपर्यंत मॅक्स विमान चालवण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाच्या एअरएशिया इंडिया कंपनीला २० लाख रुपये दंड झाला. वैमानिकांच्या तपासणीत सक्तीच्या काही कृती करूनच घेतल्या नव्हत्या, हे त्याचे कारण. प्रशिक्षणप्रमुखाला तीन महिने पदावरून दूर केले आणि आठ परीक्षकांना प्रत्येकी ३ लाख रुपये दंड केला. वैयक्तिक परीक्षकाला दंड होणे आम्हाला महत्त्वाचे वाटते. सही करणारा हात कोणाचा आहे, याची विचारणा झाली की सही जपून होते.

पालकांसाठी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तासांचे उड्डाण आणि डीजीसीएच्या लेखी परीक्षा असतात. त्यांत उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी येथे हे शिक्षण देणारी नावाजलेली संस्था आहे, इतरत्रही आहेत. खर्च अर्ध्या कोटीच्या आसपास किंवा त्याहून बराच अधिक जातो. एखाद्या विशिष्ट जातीचे विमान चालवण्याचे प्रशिक्षण त्यापुढचे, त्याचा खर्च वेगळा.

एवढा पैसा घालण्यापूर्वी मुलाकडे नीट पाहावे, असे आम्ही सुचवतो. त्याला विमानाची हौस आहे की नाही, हे पाहू नका, ती सगळ्यांनाच असते. परीक्षा संपल्यावरही तो पुस्तक उघडतो का, हे पाहा. चूक दाखवली तर ऐकून घेतो का, की तोंड फिरवतो, हे पाहा. त्याच्या आयुष्यात पस्तीस-चाळीस वर्षे वर्षातून दोनदा कोणीतरी शेजारी बसून त्याच्या चुका वहीत लिहिणार आहे. ज्याला ते सोसत नाही, त्याने दुसरा चांगला धंदा शोधावा, त्यात कमीपणा काही नाही.

संस्था निवडतानाही जाहिरातीतील गणवेश पाहून भुलू नये. सिम्युलेटर कोणता आहे, शिक्षक कायमचे आहेत की येणारे-जाणारे, नापास झालेल्या विद्यार्थ्याला पुन्हा शिकवतात की नुसती फी घेतात, हे तेथे शिकणाऱ्या मुलांनाच विचारावे. नोकरीच्या मुलाखतीला गेलेल्या तरुणानेही कंपनीला विचारावे, की वर्षातून सिम्युलेटरचे किती दिवस देता आणि त्यांतले किती परीक्षेचे, किती शिकण्याचे. कायद्यापुरते दिवस देणारी कंपनी आणि त्याहून दोन दिवस जास्त देणारी कंपनी, यांच्या पगारात थोडा फरक असला, तरी दुसरीकडे जाण्यात शहाणपणा आहे.

कायदा वर्षातून दोन तपासण्या सांगतो. ती किमान पट्टी आहे. तिच्या वरचे सारे कंपनीच्या नीतीवर आणि वैमानिकाच्या मेहनतीवर अवलंबून राहते. त्याने रात्री घरी बसून वाचलेली पाने प्रवाशांना कधी दिसत नाहीत. हडसनवर १५५ माणसे वाचली, ती अशाच पानांमुळे.